खडी, वाळू, कोळसा : खाणीवरचा कर शेवटी भरतो कोण?

मागील अंकात आम्ही खाणकामावरील करांविषयी प्रश्न मागवले होते. खान्देशात लोखंडाची किंवा कोळशाची खाण नाही, त्यामुळे फारशी पत्रे येणार नाहीत असे वाटले होते. प्रत्यक्षात तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली आणि बहुतेकांचा विषय दगड आणि वाळू हाच होता. कायद्याच्या भाषेत ही ‘गौण खनिजे’ आहेत. घर, रस्ता, धरण, विहिरीचे बांधकाम, सगळे मात्र त्यांच्यावरच उभे राहते, म्हणून त्यांना गौण म्हणणे मला कधीच पटलेले नाही. निवडक पाच पत्रांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : धुळे तालुक्यात माझा लहान खडीक्रशर आहे. 1 जुलै 2021 पासून रॉयल्टी, म्हणजे खनिज काढण्याबद्दल शासनाला द्यायची रक्कम, ब्रासमागे 400 रुपयांवरून 600 रुपये झाली. रस्त्याचे ठेकेदार दर वाढवून देत नाहीत आणि गावातले गिऱ्हाईक म्हणते की, ‘तुम्ही सगळे आमच्याकडूनच काढता.’ शिवाय विनापरवाना दगड काढणारा माझ्याहून स्वस्त विकतो. या वाढीचा भार खरोखर कोणावर पडतो?
— एक क्रशरधारक, धुळे

उत्तर : कर भरणारा हात आणि कराचा भार सोसणारा खिसा एकाच माणसाचे असतात असे नाही. रॉयल्टीची रक्कम शासनाकडे आपण भरता. ती पुढे कोणाकडे सरकते, हे ज्याला त्या मालावाचून पर्याय नाही त्याच्यावरून ठरते.

खडीचा बाजार लहान असतो. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, अर्थात सुमारे 2.83 घनमीटर, आणि तिचे वजन साधारण सव्वाचार टन भरते. एवढे वजन आणि एवढी कमी किंमत असलेला माल लांब नेला की डिझेलचा खर्चच मालाच्या किमतीला गाठतो. त्यामुळे धुळ्याच्या बांधकामाला धुळ्याच्या आसपासच्या क्रशरचीच खडी लागते आणि आपली स्पर्धा त्या वर्तुळापुरतीच असते. त्या वर्तुळातील सगळ्यांनी सारखीच रॉयल्टी भरली, तर वाढलेले 200 रुपये काही महिन्यांत विक्रीच्या दरात मिसळतात, कारण स्लॅबला खडीऐवजी दुसरे काही घालता येत नाही. घर बांधणाऱ्याला ही वाढ कितपत जाणवते, तेही पाहू. खडी, वाळू आणि पायाचा डबर मिळून 20 ब्रास माल लागला, तर वाढ 4,000 रुपयांची होते. रक्कम लहान नाही, पण लाखांच्या बांधकामात केवळ तिच्यामुळे कोणी घराचा बेत रद्द करत नाही. मागणी कमी होत नाही, म्हणूनच भार ग्राहकाकडे सरकतो.

ठेकेदाराची गोष्ट वेगळी आहे. त्याने निविदा जुन्या दराने भरलेली असते. भाववाढीची तरतूद नसेल, तर ते काम संपेपर्यंत वाढीचा भार तो आणि आपण वाटून घेता, आणि दोघांत ज्याला घाई जास्त त्याच्या वाट्याला मोठा हिस्सा येतो. पुढच्या निविदेत मात्र नवी रॉयल्टी धरलेली असते. येथे एक बाब सहसा ध्यानात येत नाही. फागणे ते तरसोद आणि तरसोद ते चिखली या राष्ट्रीय महामार्गाच्या टप्प्यांवर जी खडी पडली, तिच्यावरील रॉयल्टी राज्याच्या तिजोरीत जाते आणि रस्त्याचा खर्च मात्र केंद्राच्या योजनेतून होतो. म्हणजे अशा कामावरील रॉयल्टी हा बऱ्याच अंशी एका सरकारकडून दुसऱ्या सरकारकडे जाणारा पैसा आहे. जिल्हा मार्गावर तर राज्याचाच एक विभाग देतो आणि दुसरा घेतो.

भार सोसणारा आणखी एक जण पत्रांत कोठेच आला नाही, तो म्हणजे खडकाळ जमिनीचा मालक. क्रशर दुसऱ्या डोंगराला नेता येतो, जमीन नेता येत नाही. खाणपट्टा घेणारा रॉयल्टी, डिझेल, स्फोटके आणि मजुरी वजा करून जे उरेल त्यातूनच जमिनीचे भाडे ठरवतो. म्हणून रॉयल्टी वाढली की नव्या करारात भाडे कमी होते. अर्थशास्त्रात ज्याला खंड किंवा भूभाडे म्हणतात, त्यातून कर निघाला तर उत्पादन घटत नाही. मालकाचा अनायासे मिळणारा लाभ तेवढा कमी होतो. माझ्या मते खाणीवरील कराचे सर्वांत मोठे समर्थन यातच आहे. डोंगर कोणी घडवलेला नाही, त्यामुळे त्याच्या दगडाच्या किमतीतला काही भाग समाजाचा आहे.

ब्रासमागे सरसकट रक्कम घेण्यात मात्र एक दोष आहे. आपल्या खाणीचा कडा आपण रोज पाहता. वर मुरूम, त्याखाली भेगाळलेला कुजका दगड आणि त्याखाली हातोडा मारला की घंटेसारखा वाजणारा काळा कातळ असतो. कातळाच्या खडीला चांगला भाव येतो, कुजक्या दगडाला येत नाही. दोन्हींवर ब्रासमागे तेवढीच रक्कम भरायची असेल, तर कुजका दगड बाजूला ढकलून देणेच परवडते. मग ढिगारे वाढतात, खाण अर्धवट राहते आणि पुढे दुसरा डोंगर फोडला जातो. किमतीच्या टक्केवारीत रॉयल्टी घेतली तर हा दोष कमी होतो. लोहखनिजावर सरासरी विक्रीमूल्याच्या 15 टक्के रॉयल्टी आहे, ती याच पद्धतीची. टक्केवारीला किमतीची खरी नोंद लागते आणि हजारो लहान खाणींत ती ठेवणे अवघड आहे, म्हणून दगडाला ब्रासचा हिशेब चिकटून राहिला आहे.

आता विनापरवाना दगड काढून स्वस्त विकणाऱ्याविषयी. सगळ्यांनी कर भरला तर भार ग्राहकाकडे आणि जमीनमालकाकडे सरकतो, हे वर सांगितले. शेजारचा कर चुकवत असेल तर बाजाराचा दर त्याच्या खर्चावर ठरतो, आणि मग 600 च्या 600 रुपये आपल्याच खिशातून जातात. दर 400 चा 600 झाला तेव्हा चुकवणाऱ्याचा ब्रासमागचा फायदाही तेवढाच वाढला. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) मध्ये बेकायदा उत्खननास बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. पण दंड कागदावर कितीही मोठा असला तरी तो होण्याची शक्यता किती, याचाच हिशेब चुकवणारा करतो. खाणीच्या खड्ड्याची दरवर्षी मोजणी करून ती भरलेल्या रॉयल्टीशी ताडून पाहिली पाहिजे. ते होत नाही तोवर दर वाढवणे प्रामाणिक क्रशरधारकावर अन्याय करणारे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न : आमची शेती गिरणाकाठी आहे. वडिलांच्या काळात पात्रात गुडघाभर वाळू होती, आता खडक उघडा पडला आहे आणि विहिरींचे पाणी उन्हाळ्याआधीच खाली जाते. वाळूवरील कर दुप्पट केला तर उपसा थांबेल का?
— एक शेतकरी, भडगाव तालुका

उत्तर : आपले दुःख खरे आहे आणि त्याचे आर्थिक नाव ‘बाहेर पडणारा खर्च’ असे आहे. पात्रातील वाळू स्पंजासारखे काम करते. पुराचे पाणी धरून ठेवते आणि हळूहळू काठच्या विहिरींना देते. वाळूची ट्रॉली भरणारा डिझेल आणि मजुरी मोजतो, आपल्या विहिरीत कमी झालेले पाणी मोजत नाही. तो खर्च किमतीत आणण्यासाठी कर लावावा, हा विचार योग्यच आहे. त्यातही गिरणेवर वर धरण असल्याने वरून येणाऱ्या गाळाला आणि वाळूला अडथळा आहे. पात्रातील वाळू आता दरवर्षी पिकणारे पीक राहिलेली नाही. ती कोठीतील धान्यासारखी झाली आहे, काढली की तेवढी कमी होते.

अडचण अशी की कर पावती फाडलेल्या ब्रासवर लागतो, उपसलेल्या ब्रासवर लागत नाही. रात्री ट्रॅक्टर पात्रात उतरतो तेव्हा त्याच्यासाठी कराचा दर शून्यच असतो, मग कागदावर 600 असो की 1,200. दर दुप्पट केला तर पावतीची वाळू महाग होईल आणि गिऱ्हाईक रात्रीच्या वाळूकडे अधिक वळेल.

लिलावाची पद्धतही तपासून पाहण्यासारखी आहे. वाळूघाटाचा लिलाव होतो तेव्हा बोली लावणारा सगळा अपेक्षित नफा आधीच शासनाला देऊ करतो. शासनाला महसूल चांगला मिळतो आणि तत्त्वतः हा नैसर्गिक खंडावरचाच कर आहे. पण बोली चढत गेली आणि ठरलेल्या ब्रासमध्ये पैसे वसूल होणार नाहीत असे दिसू लागले, की जास्त उपसण्याचा मोह वाढतो. आधी भरलेली रक्कम काही केल्या परत मिळणार नसते. पुढची प्रत्येक ट्रॉली मात्र जवळजवळ निव्वळ नफ्याची असते. चढ्या बोलीचे हे लक्षण मोठ्या खाणींतही दिसते. 2020 मध्ये ओडिशातील लोहखनिजाच्या लिलावांत काही बोली विक्रीमूल्याच्या 100 टक्क्यांच्याही वर गेल्या होत्या. स्वतःचा पोलाद कारखाना असलेल्यांनाच असा सौदा पेलता येतो. वाळूघाट घेणाऱ्यामागे असा कारखाना नसतो.

राज्याने 2023 मध्ये उलटा मार्ग घेतला. शासकीय डेपोतून 600 रुपये ब्रासने वाळू देण्याचे धोरण आणले. हेतू घर बांधणाऱ्याच्या भल्याचा होता. पण बाजारभावापेक्षा बराच कमी दर ठरवला की रांग लागते, आणि रांगेत पुढे असलेल्याला तीच वाळू चढ्या भावाने विकण्याची संधी मिळते. 2025 मध्ये शासन पुन्हा लिलावाकडे वळले आणि घरकुलासाठी पाच ब्रास वाळू विनामूल्य देण्याची तरतूद केली. ज्याला मदत करायची त्याला नेमकी मदत देऊन बाकीच्यांना बाजारभाव मोजू देणे, हा मार्ग मला अधिक चांगला वाटतो.

आपल्या प्रश्नाला खरा उपाय मला आणखी एका निर्णयात दिसतो. 2025 च्या कृत्रिम वाळूच्या धोरणात दगड दळून केलेल्या वाळूची रॉयल्टी 600 ऐवजी 200 रुपये ब्रास ठेवण्यात आली. नदीच्या वाळूला पर्याय स्वस्त केला की कराचा जोर उपशावर पडतो, घर बांधणाऱ्यावर पडत नाही. खान्देशात काळ्या दगडाला तोटा नाही. धुळे-नंदुरबार भागात तर काळ्या दगडाच्या भिंती, म्हणजे डाइक, जमिनीतून मैलोन्‌मैल डोके काढून उभ्या आहेत. अडथळा विश्वासाचा आहे. आमच्या घराच्या गिलाव्याच्या वेळी गवंड्याने दळलेल्या वाळूची मूठ भरली, अंगठ्याने चोळली, तळहाताला चिकटलेली पांढरट भुकटी मला दाखवली आणि म्हणाला, ‘हिच्यानं भिंतीला तडे जातील.’ त्याचे म्हणणे त्या वाळूपुरते बरोबर होते, कारण ती धुतलेली नव्हती आणि गिलाव्याच्या चाळणीतून काढलेलीही नव्हती. सवलतीच्या रॉयल्टीबरोबर धुण्याची आणि प्रतवारीची अट कसोशीने पाळली गेली नाही, तर गवंडी नदीच्याच वाळूचा आग्रह धरतील आणि 200 रुपयांच्या दराचा आपल्या विहिरीला काही उपयोग होणार नाही.

प्रश्न : मी अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. खाणींवर कर वाढवला की गुंतवणूक पळते आणि रोजगार जातो, असे आम्हाला वर्गात सांगितले गेले. हे नेहमीच खरे असते का? सर्वोच्च न्यायालयाच्या 2024 च्या निकालाचा यात काय परिणाम होईल?
— एक विद्यार्थिनी, नंदुरबार

उत्तर : नेहमीच खरे नसते. कर किती, याइतकेच तो कशावर लावला याला महत्त्व आहे. दोन देश शेजारी ठेवून पाहा. नॉर्वेमध्ये तेल आणि वायूच्या उत्खननावर नेहमीचा 22 टक्के कंपनी कर आणि त्यावर खास कर मिळून एकूण 78 टक्के कर बसतो. तरीही तेथे नवे साठे शोधण्याचे आणि काढण्याचे काम चालू आहे. कारण तो कर खर्च वजा जाता उरलेल्या नफ्यावर आहे. कंपनीचा पैसा विहिरीत गेला आणि तेल लागले नाही, तर त्या तोट्याचा मोठा वाटा सरकारही उचलते. झांबियाने 2015 मध्ये उघड्या तांब्याच्या खाणींवर विक्रीमूल्याच्या 20 टक्के रॉयल्टी लावली. ती नफ्यावर नव्हती, विक्रीवर होती. त्या काळात तांब्याचे भाव उतरत होते. एका मोठ्या खाणीने काम थांबवण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षाच्या मध्यात सरकारला दर 9 टक्क्यांवर आणावा लागला. 78 टक्क्यांनी उद्योग टिकला आणि 20 टक्क्यांनी हादरला, हे उदाहरण वर्गात अवश्य मांडा.

आपल्या देशातले उदाहरण मे 2022 चे आहे. केंद्राने लोहखनिजाच्या निर्यातीवरील शुल्क वाढवले. 58 टक्क्यांहून कमी लोह असलेल्या भुकटीवर आधी शुल्क नव्हते, ते एकदम 50 टक्के झाले. देशातील पोलाद स्वस्त व्हावे हा हेतू होता, पण हलक्या प्रतीच्या भुकटीला देशात फारसे गिऱ्हाईक नव्हते. ती खाणींवर पडून राहिली आणि नोव्हेंबर 2022 मध्ये शुल्क मागे घेण्यात आले. वर कुजक्या दगडाविषयी जे सांगितले तेच येथेही घडले. मूल्यावर किंवा वजनावर बसणारा कर आधी हलक्या प्रतीच्या मालाला बाजारातून बाहेर काढतो.

आता निकालाविषयी. 25 जुलै 2024 रोजी नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने सांगितले की रॉयल्टी हा कर नाही. खनिज काढू दिल्याबद्दल मालकाला द्यायचा तो मोबदला आहे. त्यामुळे खनिजहक्कांवर आणि खनिज असलेल्या जमिनीवर वेगळा कर लावण्याचा राज्यांचा अधिकार मान्य झाला आणि 1989 चा विरुद्ध निकाल रद्द ठरला. 14 ऑगस्टच्या आदेशात मागील थकबाकी 1 एप्रिल 2005 पासून वसूल करण्याची मुभा राज्यांना मिळाली; ती 1 एप्रिल 2026 पासून 12 वर्षांत हप्त्याने घ्यायची आणि 25 जुलै 2024 पूर्वीच्या काळाचे व्याज व दंड घ्यायचे नाहीत, असे ठरले.

राज्यांना हा अधिकार मिळाला ते मला योग्यच वाटते. धूळ, स्फोटाचे हादरे आणि फुटलेले रस्ते ज्यांच्या वाट्याला येतात त्यांच्याच सरकारच्या हाती साधन असावे. मागील 20 वर्षांची वसुली मात्र अर्थशास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. 2007 मध्ये विकलेल्या मालावर आज कर बसला तर तो कोणत्याही ग्राहकाकडे सरकू शकत नाही आणि त्या वेळचा कोणताही निर्णय बदलू शकत नाही. तो आजच्या भांडवलातून जातो, आणि पुढे खाण घेणारा अशा वसुलीची भीती धरून बोली कमी लावतो. गौण खनिजांची रॉयल्टी तीन वर्षांतून एकदाच वाढवता येते, असे बंधन 1957 च्या खाण व खनिज अधिनियमात आहे. नव्या करांनाही असे एखादे बंधन हवे. तामिळनाडूने एप्रिल 2025 पासून खनिजयुक्त जमिनीवर कर सुरू केला आहे. इतर राज्येही त्या वाटेने जातील, तेव्हा या मुद्द्याकडे लक्ष ठेवा.

प्रश्न : दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राची धूर सोडणारी धुरांडी आमच्या गच्चीवरून दिसतात. कोळशावरचा जीएसटी 5 टक्क्यांवरून 18 टक्के झाला असे वाचले. मग वीज महागणार का?
— एक गृहिणी, भुसावळ

उत्तर : केवळ या बदलामुळे महागू नये. 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 18 टक्के झाला, पण त्याच वेळी टनामागे 400 रुपयांचा भरपाई उपकर रद्द झाला. एक काल्पनिक हिशेब करू. कोळशाचा मूळ दर टनाला 2,000 रुपये धरला, तर 14 टक्के रॉयल्टी 280 रुपये, जुन्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या 30 टक्के जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा (खाणबाधित भागातील कामांसाठीच्या निधीचा) वाटा 84 रुपये आणि खनिज शोध निधीचे काही रुपये, असे सुमारे 2,370 रुपये होतात. त्यावर पूर्वी 5 टक्के आणि 400 रुपये, म्हणजे सुमारे 518 रुपये बसत. आता 18 टक्क्यांनी 427 रुपये बसतात. टनामागे सुमारे 90 रुपये वाचले. विजेच्या एका युनिटला साधारण 650 ते 700 ग्रॅम कोळसा लागतो असे धरले, तर ही बचत युनिटमागे 6 पैशांच्या आसपास येते. रॉयल्टी वगैरे धरून, पण जीएसटी वगळून, ज्या कोळशाचा दर टनाला 3,077 रुपयांच्या वर असेल, त्यावर मात्र नवी पद्धत महाग पडते, आणि आयात कोळसा बहुधा त्या बाजूला जातो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. वीज जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे वीज केंद्राला कोळशावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. वरच्या हिशेबातील रॉयल्टीपासून जीएसटीपर्यंतचे सुमारे 800 रुपये टनामागे विजेच्या खर्चात जातात. युनिटला ते 52 ते 56 पैसे होतात. कोळशाची खाण विदर्भात किंवा त्याहून लांब असली, तरी तिच्यावरच्या कराचा हा भाग आपण महिन्याच्या बिलातून देत असतो.

प्रश्न : खाणीमुळे गावाचे रस्ते उखडतात, धूळ पिकावर बसते. या पैशातून गावाला काही मिळते का, आणि आलेल्या गाडीची रॉयल्टी भरलेली आहे हे कसे ओळखावे?
— ग्रामपंचायत सदस्य, साक्री तालुका

उत्तर : 2015 च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन करण्याची तरतूद झाली आणि राज्यांना गौण खनिजधारकांकडूनही त्यासाठी रक्कम घेता येते. 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या निधीचा किमान 70 टक्के भाग पिण्याचे पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्च करायचा आहे. पूर्वी ही मर्यादा 60 टक्के होती. ग्रामसभेचा ठराव करून बाधित क्षेत्र म्हणून आपल्या गावाची नोंद आहे का, हे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेत लेखी विचारा. नोंद नसेल तर रस्त्याची आणि पिकांची छायाचित्रे जोडून मागणी करा.

गाडीबाबत चालकाकडे शासनाच्या ‘महाखनिज’ या ऑनलाइन प्रणालीतून निघालेला वाहतूक पास मागा. त्यावर गाडीचा क्रमांक, खाणीचे ठिकाण, माल, ब्रास आणि पासाची मुदत असते. क्रमांक जुळतो का आणि मुदत संपली आहे का, या दोन गोष्टी आधी पाहा, कारण एकाच पासावर दिवसभर खेपा मारण्याचा प्रकार मुदत पाहिली की लगेच उघडा पडतो. नंतर ब्रास पाहा. पासावर दोन ब्रास आणि गाडी काठोकाठ भरलेली असेल, तर हौद्याची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत मोजून गुणाकार करा व 100 ने भागा. आलेला आकडा लिहून पासाच्या छायाचित्रासह तहसील कार्यालयात द्या आणि पोच घ्या.